नेपल्समध्ये प्रायव्हेट वॉकिंग टूर घ्यावी का: सहा माणसं, एक दिवस आणि सासऱ्यांचे गुडघे

प्रश्न थोडक्यात असा आहे की मेडिटरेनियन क्रूझवर सहा जण, म्हणजे नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा, कॉलेजातली मुलगी आणि सासू-सासरे (सत्तरीच्या आसपास, सासऱ्यांचे गुडघे दुखरे, सासूबाई पूर्ण शाकाहारी), जहाज नेपल्सला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबणार, तर प्रायव्हेट गाइड घेऊन शहर पायी बघावं, की जहाजवाल्यांची टूर घ्यावी, की ती टिपवर चालणारी फ्री वॉकिंग टूर, की सरळ पाँपेई (जवळचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर). मी पुण्याची, सतरा वर्षं युरोपचे ग्रुप घेऊन जाते आणि त्यात इटली सगळ्यात जास्त, नेपल्सला किती वेळा उतरले ते आता मोजत नाही. तेव्हा जरा ऐसपैस सांगते.

आधी पाँपेईचं मिटवून टाकू. पाँपेई मस्तच आहे पण ते उघडं मैदान आहे, सावली कमी, दगडी रस्त्यांवर रथाच्या चाकांच्या खाचा, आणि जाऊन-येऊन बघून पाच-सहा तास गेलेच समजा. गुडघे दुखणारा माणूस बरोबर असताना एकाच दिवसात पाँपेई आणि नेपल्स दोन्ही करायचा हट्ट करू नका, तो मी एका ग्रुपबरोबर केलाय आणि संध्याकाळी बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकच निवडा. तुमच्या घरासाठी मी नेपल्स शहर निवडेन, कारण तिथे दर दोनशे पावलांवर बसायला देऊळ आहे (म्हणजे चर्च, पण आम्ही ग्रुपमध्ये देऊळच म्हणतो), कॉफी आहे, सावली आहे, आणि दमलात तर बंदर अर्ध्या तासावर आहे.

आता पैशाचं. परवानाधारक प्रायव्हेट गाइड तीन तासांचे साधारण दीडशे ते अडीचशे युरो घेतात, सीझन आणि माणूस बघून, आणि हे पैसे आख्ख्या ग्रुपचे असतात, माणशी नाही. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जहाजवाल्यांची टूर माणशी सत्तर युरो जरी धरली तरी सहा जणांचे चारशे वीस झाले, वर चाळीस लोकांबरोबर कानात यंत्र लावून एका छत्रीच्या मागे पळायचं. फ्री टूरमध्ये माणशी दहा-पंधरा टिप द्यावीच लागते, म्हणजे साठ ते नव्वद गेलेच, आणि तिथला गाइड पंचवीस जणांना घेऊन निघालेला असतो, तो तुमच्या सासऱ्यांसाठी थांबणार नाही, त्याने थांबूही नये, बाकीच्यांवर अन्याय होतो. एकटा-दुकटा तरुण असेल तर मी स्वतः फ्री टूर सुचवते. सहा जणांच्या घराला प्रायव्हेटच परवडते. फक्त एक गोष्ट जहाजवाल्यांच्या बाजूची आहे, त्यांची टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. तेव्हा सहाला जहाज सुटणार असेल तर परत चढायची वेळ किती ते आदल्या रात्रीच्या पत्रकात नीट वाचा, ती सुटायच्या बरीच आधी असते, आणि त्याच्याही तासभर आधी बंदरावर या.

गाइड कसा शोधायचा. इटलीत परवाना नसलेल्या माणसाने स्मारकात उभं राहून माहिती सांगणं बेकायदा आहे, दंड होतो. मला स्वतःला सतरा वर्षांनंतरही तिथे तोंड उघडायची परवानगी नाही, मी टूर मॅनेजर आहे, गाइड नाही, माझं काम माणसं मोजणं आणि औषधं शोधणं. तर ईमेलमध्ये पहिलंच विचारा की तुमच्याकडे परवाना आहे का, नंबर काय, आणि भेटल्यावर गळ्यात ओळखपत्र दिसलं पाहिजे. एकदा मी घाईघाईत एका ओळखीच्या ओळखीतून स्वस्त माणूस घेतला, गोड बोलायचा, आणि म्युझियमच्या दारात त्याच्याकडे कार्ड मागितल्यावर तो म्हणाला मी बाहेर थांबतो तुम्ही बघून या. अठरा माणसं आणि मी. काय सांगणार, पाट्या वाचत फिरलो.

पण परवाना ही नुसती पहिली पायरी. खरी परीक्षा ही की तुम्ही पहिलं पत्र टाकल्यावर समोरचा काय विचारतो. जो लगेच दहा ठिकाणांची यादी आणि रेट पाठवतो तो ठीकठाक. जो उलट विचारतो की वयं काय, चालणं कितपत जमतं, मुलाला फुटबॉल आवडतो का, खाण्याचं काही पथ्य आहे का, याआधी रोम बघितलंय का, त्याला ताबडतोब बुक करा. कारण माहिती काय, फोनवर पण मिळते हो. गाइडला पैसे द्यायचे ते काय गाळायचं हे त्याने ठरवावं म्हणून. नेपल्सच्या जुन्या भागात शेकड्यांनी चर्च आहेत, कुठलं सोडायचं हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि आपल्या लोकांचा तर स्वभावच असा की एवढे पैसे भरून आलोय तर काही सुटायला नको.

दुसरी परीक्षा पिझ्झाची. नेपल्सची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १८८९ साली राणी मार्गेरिता आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने टोमॅटो-मोझरेला-बेझिल असा झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला आणि तिचं नाव दिलं. इतिहासकारांना ही गोष्ट जशीच्या तशी पटत नाही, तसला पिझ्झा आधीपासून होताच. चांगला गाइड गोष्ट रंगवून सांगतो आणि मग म्हणतो की असं म्हणतात. जो सगळंच छातीठोक सांगतो त्याच्यापासून जरा लांब.

यादी पाठवू नका, स्वतःबद्दल लिहा. हे मी हात जोडून सांगते. एकदा पणजीचं एक जोडपं होतं, त्यांनी पत्रात सहज लिहिलं की आम्ही गोव्याचे, तर त्या गाइड बाईंनी तयारी करून आणली होती. पिएत्रो देल्ला वाल्ले म्हणून एक प्रवासी, मूळचा रोमचा, त्याने पूर्वेच्या प्रवासाला निघताना १६१४ मध्ये नेपल्सच्याच एका चर्चमध्ये यात्रेकरूची वस्त्रं घेतली, आणि मग वर्षानुवर्षं फिरत १६२३ ला गोव्यात पोचला, आणि सगळी पत्रं लिहायचा ती नेपल्समधल्या मारिओ स्किपानो नावाच्या डॉक्टर मित्राला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी गोव्याचं वर्णन या गल्ल्यांमध्ये कुणीतरी बसून वाचत होतं. ते दोघं एवढे खूश झाले की पुढची दोन चर्च बघायचीच राहिली, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

रूट मी तुमच्यासाठी असा करेन. क्रूझ टर्मिनलमधून बाहेर आलात की समोरच तो पाच बुरुजांचा काळपट किल्ला दिसतो, कास्तेल नुओवो, त्याचा फोटो काढा आणि पुढे चला, आत जाऊ नका. समोर म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन आहे. हे स्टेशन खणताना खाली रोमन काळचं बंदर लागलं, गाळात रुतलेल्या लाकडी बोटीसुद्धा निघाल्या, त्यामुळे काम वर्षानुवर्षं रखडलं (आपल्याकडच्या मेट्रोला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या). गाइडला स्टेशनवरच बोलवा. तिथून लाइन एकने दोन स्टेशनं, तोलेदो आणि मग दान्ते. मेट्रो कशाला, चालत पण जाता येतं की, असं कुणी म्हणेल, पण बंदरापासून वर चढ आहे आणि सासऱ्यांचे गुडघे चढातच खर्च करायचे नाहीत. आधी मेट्रोने वर जायचं आणि मग उतारावरून बंदराकडे हळूहळू उतरत यायचं, सगळा खेळ एवढाच आहे. वेळ असेल तर मधे तोलेदोला पण उतरून बघा, २०१२ ला सुरू झालं, निळ्या मोझेकचं खोल स्टेशन, वरून एक प्रकाशाचा झोत थेट खाली येतो, मुलं सरकत्या जिन्यावर मान वर करून बघत राहतात.

दान्तेहून पोर्ट'आल्बाच्या कमानीतून आत गेलं की पियात्सा बेल्लिनी हा चौक. इथे रस्त्याच्या मधोमध एका खड्ड्यात मोठे मोठे चौकोनी दगड दिसतात, बरेच लोक कॉफी पीत बाजूला बसलेले असतात आणि बघत पण नाहीत. ती ग्रीकांनी बांधलेली शहराची भिंत, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. नेपल्स म्हणजे नेआपोलिस, ग्रीकमध्ये नवं शहर, आपल्या नवापूर-नवागाव टाइप. आजची जमीन त्या काळच्या जमिनीपेक्षा किती वर आलीय ते तिथे डोळ्यांना दिसतं. आणि इथून पुढे तुम्ही ज्या सरळ अरुंद रस्त्यांवरून चालणार ते रस्ते पण ग्रीकांनीच आखलेले, तीन लांब समांतर रस्ते आणि त्यांना काटणाऱ्या गल्ल्या, अडीच हजार वर्षांत आखणी बदललेली नाही. १९९५ ला या जुन्या भागाला युनेस्कोचा दर्जा मिळाला तो मुख्यतः यामुळेच. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये वाळत टाकलेले कपडे एकमेकांना लागतात, आणि तळमजल्यावर एका खोलीची घरं, त्यांना बास्सो म्हणतात, दार रस्त्यातच उघडतं, आत टीव्ही चालू, आजी खुर्ची टाकून दारात. गिरगावातल्या चाळीत ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे काही नवीन नाही, माझ्या ग्रुपमधले म्हातारे लोक इथे येऊन एकदम घरच्यासारखे होतात. फक्त घरात डोकावून फोटो काढू नका, आपल्या दारात कुणी काढला तर कसं वाटेल.

मग त्रिबुनाली रस्ता. सपाट आहे, गर्दीचा आहे, स्कूटर अंगावर येतात, हॉर्न न वाजवता येतात हे जास्त वाईट. पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला. चोऱ्यांचं जेवढं ऐकता तेवढं काही नाही, पण फोन मागच्या खिशात ठेवून फिरू नका. या रस्त्याच्या शेवटाकडे पियो मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया नावाची जागा आहे, बाहेरून काही विशेष नाही, आणि आत काराव्हाज्जोचं एक मोठं चित्र आहे, दयेची सात कामं. १६०२ मध्ये इथल्या सात तरुण सरदारपुत्रांनी गोरगरिबांसाठी संस्था काढली, आणि थोड्याच वर्षांत, रोममध्ये खून करून पळून आलेला हा चित्रकार नेपल्सला आला तर त्याच्याकडून हे चित्र काढून घेतलं, १६०७ च्या सुमाराला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला भेट, मेलेल्याला मूठमाती वगैरे सातही कामं एकाच काळोख्या गल्लीत चालू आहेत, आणि ती गल्ली म्हणजे तुम्ही आत्ता जिथून चालत आलात तीच वाटते, वर उडणारे देवदूत पण वाळत घातलेल्या चादरींसारख्या कापडात गुंडाळलेले. चित्र ज्या जागेसाठी काढलं तिथेच अजून आहे, म्युझियममध्ये नेलेलं नाही, समोर बाकं आहेत, बसून बघायचं. प्रायव्हेट गाइडचे पैसे मला इथे वसूल वाटतात, कारण वीस मिनिटं बसून एकेक माणूस कोण ते उलगडून सांगणारं कुणी बरोबर पाहिजे, नुसतं बघून काळोखात पाय आणि हात एवढंच दिसतं. अकरा वर्षांच्या मुलाला सांगा की सात कामं शोध, तो शोधतो. त्यात एक मुलगी तुरुंगाच्या गजातून वडिलांना स्वतःचं दूध पाजतेय, ते सासू-सासऱ्यांसमोर कसं सांगायचं हा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता, पण सासवांना ती गोष्ट सगळ्यात आधी समजते असा अनुभव आहे.

जवळच दुओमो, सान जेन्नारो या इथल्या संताचं मोठं देऊळ. इथे कुप्यांमध्ये संताचं सुकलेलं रक्त आहे आणि वर्षातून तीनदा, मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला ते पातळ होतं, अशी श्रद्धा. नाही झालं तर शहरावर संकट. आणि वेळ लागायला लागला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना सान जेन्नारोच्या नातेवाईक म्हणतात, त्या संताला चक्क बोल लावतात, अरे पिवळ्या तोंडाच्या, कर की लवकर, असं. गाइडने हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एक आजी म्हणाल्या, मग विठोबाला नाही का आपण भांडत. त्याहून भारी गोष्ट ही की १५२७ मध्ये प्लेग आणि लढाईने टेकीला आलेल्या नेपल्सकरांनी या संताशी चक्क नोटरीसमोर करार केला होता, तू आम्हाला वाचव, आम्ही तुला नवीन चॅपेल बांधून देतो. संताला जाऊन तेव्हा बाराशे वर्षं झाली होती. नवस, पण रजिस्टर्ड. ते चॅपेल त्यांनी बांधलं, तेच तुम्ही बघता, आणि ते चर्चच्या नाही तर शहराच्या मालकीचं आहे.

आता माझी एक चूक सांगते, त्यातून तुमचं काम होईल. नाशिकचं नऊ जणांचं कुटुंब होतं, त्यांना कापेल्ला सानसेव्हेरो (एका सरदार घराण्याचं छोटं चॅपेल) बघायचंच होतं. तिथे जुझेप्पे सानमार्तिनोने १७५३ मध्ये संगमरवरात कोरलेला मृत येशू आहे, अंगावर पातळ चादर, आणि ती चादरही दगडाचीच, त्याच एका दगडातली, तिच्याखालची कपाळाची शीर आणि नाकपुडी दिसते. लोकांना खरं वाटेना म्हणून कथा पसरली की त्या घराण्यातल्या प्रिन्स राइमोन्दो दि सांग्रोने किमया करून खऱ्या कापडाचा दगड केला. तर मी सगळं ठरवलं, वेळ ठरवली, आणि तारीख बघितली नाही. मंगळवार होता. मंगळवारी ते बंद असतं. हे मला पत्रातून ठरवताना लक्षात यायला हवं होतं, तिथल्या गाइडला मी ठिकाणं कळवलीच नव्हती, नुसतं भेटू म्हटलं होतं. दारात उभं राहून मला घाम फुटला. त्या गाइड बाई पन्नाशीच्या, त्या हसल्या आणि म्हणाल्या, मंगळवार ना, मग वेगळं काहीतरी दाखवते, आणि आम्हाला सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. तिथे सांता पात्रित्सिया म्हणून संतीण आहे, तिचं रक्त दर मंगळवारी सकाळी पातळ होतं असं मानतात, आणि आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, एकेक पुढे जायची, ती कुपी कपाळाला लावायची, ओठ टेकवायची आणि भाजी आणायला जायची. आमच्या आजींनी पण चपला कुठे काढायच्या विचारलं. त्या कुटुंबाला तो येशू न दिसल्याची हळहळ आजही नाही, उलट अजून फोन आला की मंगळवारचीच आठवण निघते. ग्रुप टूरमध्ये बंद दार दिसलं की पुढच्या ठिकाणी जातात. असा वळण घेणारा माणूस मिळावा म्हणून हे पैसे.

तुमचा दिवस मंगळवार नसेल तर सानसेव्हेरोचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आयत्या वेळी मिळत नाही, फोटो काढू देत नाहीत, आणि जागा छोटी आहे म्हणून गाइडला सांगा की सगळं बाहेर रस्त्यात समजावा, आत आम्ही गप्प बघू. चर्चना दुपारी साधारण एक ते चार टाळं असतं हे पण लक्षात ठेवा, म्हणून टूर नऊच्या आसपास सुरू करा, अकराला नाही. खांदे झाकणारे कपडे घाला.

सांता पात्रित्सियाच्या त्या चर्चच्या बाहेरची सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्ली म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती करणाऱ्यांची. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांसारखं, वर्षभर माती, रंग, हातपाय वेगळे वाळत ठेवलेले. देखाव्यात नुसता येशू आणि गाई नाहीत, मासे विकणारा आहे, पिझ्झावाला आहे, झोपलेला धनगर आहे, म्हणजे जन्म बेथलेहेमला नाही तर नेपल्सच्याच बाजारात झाला असं वाटतं, आणि दर वर्षी चालू बातम्यांतले पुढारी आणि फुटबॉलवाले पण मातीत उतरतात. मुलासाठी इथून लाल शिंग घ्या, कोर्निचेल्लो, दृष्ट लागू नये म्हणून, आपलं लिंबू-मिरचीच. स्वतःसाठी विकत घ्यायचं नसतं, कुणीतरी द्यावं लागतं, म्हणून एकमेकांना घेऊन द्या. पूर्वी ते पोवळ्याचं असायचं. पोवळ्याचं काम करणारं तोर्रे देल ग्रेको गाव इथून जवळ, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, आपल्याकडे सराफ मंगळासाठी इटालियन पोवळं म्हणून जे दाखवतात त्याचा धंदा या किनाऱ्याचाच. पण गाइड तुम्हाला आपणहून पोवळ्याच्या किंवा शिंपल्यावर कोरलेल्या कॅमिओच्या शोरूममध्ये नेत असेल तर तिथे कमिशन असतं, ईमेलमध्येच लिहून टाका की शॉपिंग स्टॉप नको.

भूमिगत नेपल्सबद्दल मुलं मागे लागतील. शहर ज्या पिवळ्या दगडाचं बांधलंय तो तुफो शहराच्या खालूनच काढलेला, त्या पोकळ्यांतून शतकानुशतकं पाणी खेळवलं, दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यापासून लोक तिथे लपले. १८८४ ला कॉलरा आला आणि जुन्या पाण्याच्या व्यवस्थेवर कायमची फुली पडली, आणि मग वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले तसंच. तर त्या भुयाराला खाली जायला सव्वाशेच्या वर पायऱ्या आणि तेवढ्याच वर, काही ठिकाणी अंग तिरकं करून सरकावं लागतं. सासऱ्यांना नाही. दोघा मुलांना वडिलांबरोबर पाठवा, आणि बाकीचे तिघं गाइडबरोबर सान लोरेन्झो माज्जोरे चर्चमध्ये शांत बसा. प्रायव्हेट टूरमध्ये असे दोन भाग करता येतात, आधी सांगितलं तर.

परतीला स्पाक्कानापोली, म्हणजे नेपल्सला उभं चिरणारा तो सरळ रस्ता. वाटेत नाईल नदीच्या देवाचा आडवा पहुडलेला रोमन पुतळा, कारण इथे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे व्यापारी राहायचे, आणि समोरच्या कॉफीच्या दुकानात मॅराडोनाचा एक केस देव्हाऱ्यात ठेवलाय. हसू नका, तो १९८४ ला आला आणि त्याच्या जोरावर या गरीब दक्षिणी शहराने १९८७ आणि १९९० ला श्रीमंत उत्तरेच्या नाकावर टिच्चून लीग जिंकली, तुमच्या मुलाला हा भाग सगळ्यात आवडेल. मग जेझू नुओवो चर्च, बाहेरून सगळी भिंत टोकदार हिऱ्यांसारख्या दगडांची, आत जुझेप्पे मोस्काती या डॉक्टर-संताची जागा, गरिबांना फुकट तपासायचे, १९८७ ला संत घोषित झाले. तिथे भिंतभर चांदीचे हात, पाय, डोळे, हृदय लटकवलेत, नवस फेडलेले. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना कुणी समजवायला नको. समोर सांता क्लाराचं अंगण, रंगीत टाइल्सची बाकं आणि खांब, बाकांवर बसता येत नाही एवढाच त्रास.

खाण्याचं नीट वाचा, कारण इथे माझ्या हातून पाप झालंय. स्फोल्यातेल्ला म्हणून शिंपल्यासारखी पापुद्र्यांची मिठाई मिळते, गरम, आत रिकोटा चीज, मी एका शाकाहारी काकांना कौतुकाने दोन खायला घातल्या आणि नंतर कळलं की पापुद्रे सुटायला डुकराची चरबी लावतात. तेव्हापासून मी आधी विचारते. शब्द पाठ करा, स्ट्रुत्तो किंवा सुन्या, म्हणजे चरबी. मिरीवाले तारल्ली (कडक खारी बिस्किटं) पण त्यातलेच. चीजचं पण, पार्मेझान आणि म्हशीच्या दुधाचं खरं मोझरेला वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडायचं द्रव्य) लावतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी मारिनारा पिझ्झा घ्यावा, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. दक्षिणेतला सुका पास्ता रवा आणि पाण्याचा, अंडं नसतं, तेव्हा स्पॅगेत्ती अल पोमोदोरो बिनधास्त. तळलेल्या पिझ्झात मात्र आत डुकराचे तुकडे असतात, विचारल्याशिवाय नको. आणि बाबा नावाचा केक रममध्ये बुडवलेला असतो, मुलाला देऊ नका, नाव ऐकून तो मागणारच. हे सगळं गाइडला आधी कळवा, सासूबाईंसाठी दुकानदाराशी तोच बोलेल.

टॉयलेट म्हणजे कॉफीचं दुकान, सुट्टी नाणी ठेवा, काउंटरवर उभं राहून कॉफी प्यायची, बसलात की दर वेगळा. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास देतात तो इथे आधी प्यायचा. शूज रबरी सोलचे, कारण फरशी व्हेसुव्हियसच्या काळ्या दगडाची, पाऊस पडला की साबण लावल्यासारखी. सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर मुलीला दुभाषी करा आणि गाइडला सांगा की दोन वाक्यं झाली की थांबा, नाहीतर तो पाच मिनिटं बोलतो आणि मुलगी म्हणते, आजी, जुनं आहे.

टिप सक्तीची नाही, आवडलं तर दहा-वीस युरो. तीन तास ठरवलेत तर साडेतीन होतात, ते कुणी मोजत नाही, पण चार झाले तर आपणहून विचारा. सांता क्लारावरून बंदरापर्यंत सगळा उतार आहे, गाइडला तिथेच सोडा आणि शेवटचं एकटेच या. सासरे दमले असतील तर जेझू नुओवोहून टॅक्सी, मीटर चालू करायला सांगायचं किंवा ठरलेला दर आधी विचारायचा, बसल्यावर नाही. जहाजाचं कार्ड मात्र सगळ्यांनी आपापल्या खिशात ठेवा, एकाच पर्समध्ये सहाही नकोत.